ट्रेलरमधली लपवलेली सम

(दादरच्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, रेकॉर्डिंगवरून उतरवलेलं, थोडी काटछाट करून.)

नमस्कार मंडळी. मागच्या काकांना ऐकू येतंय ना? बरं. पंखे चालू राहू देत, मे महिना आहे, पण शेवटी दोन मिनिटं मी ते बंद करायला सांगणार आहे. का ते कळेलच.

पत्रिकेवर विषय छापलाय 'ट्रेलरमधला सस्पेन्स : कॅमेरा आणि आवाज'. कॅमेऱ्यावर येतेच मी, पण माझं काम आवाजाचं, अंधेरीतल्या बिनखिडकीच्या खोल्यांमध्ये बसून ट्रेलरचे आवाज जुळवायचं, त्यामुळे आधी आवाज. आणि त्यातही मला बोलायचंय ते आवाज नसण्याबद्दल.

आधी एक करून बघू. मी टेबल वाजवते, तुम्ही नुसतं ऐका. (एका लयीत सात ठोके, मग काहीच नाही.) बघा, ह्या ताईंची मान पुढे आली! आठवा ठोका मी दिलाच नाही, तरी सगळे त्याच्यासाठी थांबलात की नाही? लालबागला आमच्या चाळीत बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा, घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येताना शेवटचा 'धा' ते केसभर अडवून धरायचे आणि तेवढ्या वेळात टाळकऱ्यांसकट सगळी मंडळी श्वास धरून बसायची, मग धा पडला की सगळ्यांच्या माना डोलायच्या. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. ट्रेलरबद्दल पुढे जे काही शिकले ते सगळं मला त्या अडवलेल्या धापाशीच नेऊन सोडतं. ट्रेलर करणारा आधी मोजणी लावून देतो आणि मग सम लपवतो, बास, एवढंच.

मोजणी कशाचीही लागते. घड्याळाची टिकटिक, छातीचे ठोके, दारावरची थाप. कट त्या ठोक्यांवर पडत जातात, आधी चार-चार सेकंदांचे, मग दोन, मग एक, आणि खाली एक चढत जाणारा सूर असतो, आम्ही त्याला रायझर म्हणतो. ह्यातला सगळ्यात चलाख प्रकार रॉजर शेपर्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली मांडला. एकाच वेळी बरेच सूर, एकेका सप्तकाच्या अंतरावर, सगळे वर चढतायत, सगळ्यात वरचा हळूच विरतो आणि खालून नवीन आत सरकतो, त्यामुळे कानाला वाटतं की सूर चढतोच आहे, चढतोच आहे, पण प्रत्यक्षात तो कुठेच पोचत नाही. जिना संपतच नाही म्हणा ना.

मग येतो तो जड 'ब्राऽऽम', पितळी वाद्यांचा लांबलचक दणका. २०१० नंतर तर तो जिथे तिथे ऐकू यायला लागला. मला तसा आवाज हवा होता आणि ब्रासवाले बोलवायला पैसे नव्हते, म्हणून मी पहाटे परळला जाऊन एका दुकानाचं शटर वर जाताना रेकॉर्ड केलं आणि त्याचा स्पीड चौथ्या हिश्श्यावर आणला. आवाज दोन सप्तकं खाली उतरला, पत्र्याची किरकिर गेली आणि राहिला एक लांबलचक हुंकार, कुणीतरी प्रचंड मोठं झोपेत कूस बदलतंय असा. तो मी आजही वापरते.

आता जी गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही ती. एक मराठी सिनेमा होता, नाव राहू द्या. कोकणातला वाडा, आजी कंदील घेऊन माजघरात पाठमोरी उभी, आणि तिच्या मागे दाराची कडी आपसूक उचलली जाते. मी खाली पन्हळीचं पाणी ठेवलं होतं, कंदिलाच्या तारेची कुरकुर, लांबवर एक कुत्रं. आणि कडी उचलली की सगळं बंद. पाणी बंद, कुत्रं बंद. ३६ फ्रेम, म्हणजे दीड सेकंद, टाइमलाइनवर नुसती सरळ रेघ. त्यानंतर कडी खाली पडल्याचा एवढासा 'खट्'. धमाका वगैरे काही नाही. खोलीत पाच जण होतो, त्या रेघेवर पाचही जण हलायचे थांबायचे, मी दर वेळी बघायचे.

प्रोड्यूसर आले, त्यांनी बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर "इथे आवाज गेलाय का?" मी म्हटलं नाही सर, तो मीच काढलाय. ते म्हणाले लोकांना वाटेल थिएटरचा स्पीकर गेला, भरा काहीतरी. दोन रात्री मी समजावत होते, बाबांच्या पखवाजाचं पण सांगून झालं, शेवटी तिथे व्हूश, म्हणजे सपकन वारा गेल्यासारखा आवाज, बसला आणि 'खट्'च्या जागी धाडकन बूम. रविवारी मुद्दाम तिकीट काढून थिएटरात तो ट्रेलर बघितला. त्या जागेवर माझ्या डाव्या बाजूची बाई पॉपकॉर्नच्या पुड्यात हात घालून शोधत होती आणि पुढच्या रांगेतला मुलगा मोबाइल बघत होता. घरी येताना लोकलमध्ये रडले मी. दीड सेकंदासाठी कोण रडतं असं घरी म्हणाले, पण मला ते अजून लागतं.

आणि हे काही माझं एकटीचं वेड नाही. अमेरिकेत थिएटरमधल्या ट्रेलरच्या आवाजाला मर्यादा आहे, मोजणीचा आकडा ८५ डेसिबल, पण तो अख्ख्या ट्रेलरच्या सरासरीवर मोजतात. म्हणजे जितकी शांतता शिल्लक टाकाल तितका पुढचा दणका मोठा देता येतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आरडाओरडा ठेवला तर दणक्याला काही उरतच नाही.

चिठ्ठी आली, सहा मिनिटं राहिली. कॅमेरा, पटकन.

कॅमेऱ्याची पण समच असते. चेहऱ्याकडे तो मुंगीच्या पावलाने सरकतो, बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही, पण आपण जवळ ओढले जातोय हे अंगाला कळतं. माणूस आधी घाबरलेला दाखवायचा आणि तो कशाकडे बघतोय ते दाखवायचंच नाही, तिथेच काळा पडदा. कॅमेरा पुढे जातो आणि झूम मागे येतो तो प्रकार दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या १९५८ च्या 'व्हर्टिगो'मधला, माणूस तेवढाच राहतो आणि मागची भिंत लांब पळते. त्याच हिचकॉकचा १९६० चा 'सायको'चा ट्रेलर शोधून बघा, सहा मिनिटांहून मोठा, स्वतः हिचकॉक सेटवर हिंडत मालमत्ता दाखवणाऱ्या दलालासारखा खोल्या दाखवतो, कॅमेरा आपला त्याच्या मागे मागे, वाक्यं अर्धी सोडतो, आणि शेवटी बाथरूमचा पडदा ओढतो तर किंकाळी. गंमत म्हणजे ती किंचाळणारी बाई सिनेमात तिथे मरणारी जॅनेट ली नाहीच, व्हेरा माइल्स ह्या दुसऱ्या नटीला विग घालून उभं केलंय. सिनेमातला प्रसंग त्याने जपून ठेवला. आणि चौकटीबाहेरचा आवाज, ह्यावर खरं तर मला अर्धा तास हवा होता, जे दिसत नाही ते नुसतं ऐकू आलं की पडद्याची कडच भीतीची होते, डावीकडून एक पाऊल वाजवा, सगळं थिएटर डावीकडे बघतं.

प्रश्न नंतर खाली चहाला घेऊ. तो वाड्याचा जुना एडिट, ३६ फ्रेमचा, माझ्याकडे आहे, पेन ड्राइव्हवर आणलाय. ताई, दिवे घालवा. आणि आता पंखे बंद करा, पंख्याच्या घरघरीत ती रेघ ऐकू येणार नाही.