बिल न येणारा खर्च

[दृश्य : पहाटेचं पार्किंग. कॅमेरा जमिनीलगत. मोठी काळी एसयूव्ही.]

रात्री ही लक्झरी एसयूव्ही सरळ उभी होती. आता नीट बघा. पुढचं डावं चाक मडगार्डमध्ये शिरलंय आणि गाडी त्या कोपऱ्यावर मान टाकून बसलीय. टायरमध्ये हवा आहे. गेलीय ती टायरच्या वर असलेल्या रबरी फुग्यातली. एअर सस्पेन्शन म्हणतात ते हेच : लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या. रोज दबून, ताणून त्या रबराच्या घडीला केसाएवढी चीर पडते. मालक येतो, इंजिन सुरू करतो. मागे कुठेतरी कम्प्रेसर, म्हणजे हवा भरणारा पंप, घुरघुरतो आणि गाडी हळूहळू उभी राहते. मालक निवांत निघून जातो.

पण चीर काही बुजलेली नाही. ती गळती भरून काढायला कम्प्रेसर आता रोज जादा राबणार आणि एक दिवस तापून जळणार. एका फुग्यावर भागलं असतं ते काम दोन भागांवर गेलं.

[दृश्य : शोरूमची काच. आत नवी गाडी, वर फुलांचा हार.]

या गाडीची किंमतही अशीच रात्रीतून उतरत असते, आवाज न करता. हिशेबाच्या भाषेत त्याला घसारा म्हणतात. इंधन भरलं की खिशाला कळतं. विम्याचा हप्ता गेला की मेसेज येतो. घसाऱ्याचं बिल मात्र कधीच येत नाही. तो सगळा एकदम वसूल होतो, गाडी विकायच्या दिवशी.

हिशेबापुरते नव्या किमतीचे 100 सारखे भाग धरू. नवी गाडी 100 भागांना घेतली आणि पाच वर्षांनी 45 भागांना विकली. गेले 55. म्हणजे वर्षाला 11 भाग, गाडी जागची हलली नाही तरी. बरं, उतार सारखा नसतो. सर्वांत मोठा कडा पहिल्याच वर्षी असतो, कारण नंबरप्लेट लागली की ती वापरलेली गाडी झाली. दुसरा धक्का बसतो वॉरंटी संपण्याच्या सुमाराला. लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्यावर, गेलेल्या गाड्या बऱ्याचदा तीनेक वर्षांनी एकगठ्ठा परत येतात, त्यामुळे त्याच वयाच्या गाड्यांनी जुना बाजार भरतो. त्यात कंपनीने नवा चेहरा आणला की कालची गाडी आपोआप कालची दिसते.

लीज घेणाऱ्याला वाटतं, आपण या भानगडीतून सुटलो. सुटलेला नसतो. लीजचा हप्ता काढतात तोच मुळी आजची किंमत वजा मुदतीनंतरची अंदाजित किंमत, वर व्याज. घसाराच तो, महिन्यामहिन्याला वाटून दिलेला.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. चिखलातली दोन दारांची रेंज रोव्हर.]

1970 साली ब्रिटनमध्ये पहिली रेंज रोव्हर आली तेव्हा तिला दोनच दारं होती. सीटवर व्हिनाइल, खाली रबरी मॅट. चिखल झाला तर आतून पाणी मारून धुवा. चार दारं यायला 1981 उजाडलं. 1992 मध्ये तिच्या लांब आवृत्तीला एअर सस्पेन्शन मिळालं. मग 1999 मध्ये बीएमडब्ल्यू एक्स 5 आली आणि 2002 मध्ये तर चक्क पोर्शने, स्पोर्ट्‌स कार बनवणाऱ्या कंपनीने, कायेन आणली. चिखलातली गाडी दिवाणखान्यात आली. तिच्यावर सुखसोयींचे जेवढे थर चढले, तेवढ्याच बिघडायच्या जागा वाढल्या.

योगायोग बघा. त्याच 1970 मध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला, जुन्या गाड्यांच्या बाजारावर. मुद्दा साधा होता. गाडीत काय दुखणं आहे ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरसकट कमी भाव सांगतो. त्या भावात चांगली गाडी विकणं चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो मागे सरतो. बाजारात उरतात त्या बहुतेक दुखणाईत, आणि भाव आणखी पडतो. या विचाराला पुढे 2001 मध्ये नोबेल मिळालं. लक्झरी एसयूव्हीला हे जरा जास्तच लागू पडतं, कारण तिच्यात लपवण्याजोगं फार असतं. पहाटे बसणारी गाडी दुपारी गिऱ्हाईक येईपर्यंत ताठ उभी असते!

[दृश्य : गॅरेज. गाडी लिफ्टवर, चाकं काढलेली.]

आता दुसरा मालक. पाच वर्षांची, 45 भागांची गाडी त्याने मोठ्या खुशीत घेतली. सौदा झाल्यासारखं वाटतं. मात्र गाडीची किंमत उतरली, सुट्या भागांची उतरली नाही. सस्पेन्शनच्या कामाला किमतीच्या त्या शंभरातले 4 भाग लागत असतील, तर पहिल्या मालकासाठी तो गाडीच्या किमतीचा पंचविसावा हिस्सा होता, याच्यासाठी अकरावा. आणि फुगे फुटतात ते याच्याच काळात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे कोंबडी आधी रुपयाची होती, एवढाच फरक.

टायरचंच घ्या. बावीस इंची रिम, त्यावर पातळ कडेचं रबर. खड्ड्याची धार लागली की कडेला फुगवटा येतो, आणि तो टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. मग मेकॅनिक खाली वाकून उरलेल्या तिघांची झीज मापतो. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एक टायर नवा आणि तीन झिजलेले चालत नाहीत. नव्याचा घेर मोठा, म्हणून चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि त्याचा ताण ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीवर, येतो. एका खड्ड्यापायी दोन टायर घ्यावे लागतात, कधी चारही.

काही इंजिनांत टायमिंग चेन, म्हणजे झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी, मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली असते. चेन ताणली, तर बदलायचा भाग हाताएवढा, पण त्यासाठी आख्खं इंजिन खाली उतरवायचं. इथे भागाची किंमत विचारूच नका, मजुरीचे तास विचारा.

इंधन आणि विमा याबद्दल फार बोलत नाही. अडीच टनांच्या आसपासचं धूड ढकलायला इंधन लागणारच, आणि महागडा दिवा फुटण्याची जोखीम विमा कंपनी हप्त्यात धरणारच. ते खर्च निदान समोर दिसतात.

[दृश्य : वाळवंटातून जाणारी जुनी टोयोटा.]

अपवाद आहेत, आणि ते गमतीचे आहेत. मर्सिडीझची जी-क्लास 1979 मध्ये आली. तिचा चौकोनी चेहरा आजही जवळपास तसाच, त्यामुळे दहा वर्षांची गाडीही चटकन जुनी वाटत नाही. टोयोटाच्या लँड क्रूझरला जगभर मागणी, आणि दुर्गम भागातही तिचा मेकॅनिक सापडतो. 2022 मध्ये टोयोटाने जपानमध्ये सांगितलं होतं की नव्या लँड क्रूझरसाठी चार वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नवी मिळत नसेल तर जुनीचा भाव कशाला पडेल? म्हणजे किंमत टिकते ती चामड्याच्या सीटमुळे नव्हे. उलट जेवढे स्क्रीन आणि सेन्सर जास्त, तेवढा पुढचा गिऱ्हाईक बिचकून. पाच वर्षांपूर्वीचा टचस्क्रीन आजच्या फोनसमोर कसा दिसतो, ते सांगायला नको.

[दृश्य : भंगाराचं यार्ड. तीच काळी गाडी, दारं निघालेली.]

शेवटी एक दिवस दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीवर चढतो. इंजिन धडधाकट असतं, पत्रा शाबूत असतो, पण कोणी हात लावत नाही. तिला भंगारवाला घेतो, आणि तो हसतच घेतो. सुट्या भागांच्या ज्या किमतीने मालकाला जेरीस आणलं, तीच आता याची कमाई. दारं वेगळी, रिम वेगळे, सीट वेगळ्या, टचस्क्रीन वेगळा. भाग सुटे करून विकले तर ही गाडी अख्ख्या गाडीपेक्षा जास्त पैसे देते.

[दृश्य : टेबलावर हेडलाइट. दोन वायरी.]

हा तिचा डावा हेडलाइट. सीलबंद, आत डझनभर एलईडी. नवा घ्यायचा तर आख्खा घ्यावा लागतो. यार्डातला पोरगा वायरी बॅटरीला लावतो. दिवा लखकन पेटतो. शेजारी एक माणूस वाट बघत उभा आहे. त्याची गाडी बाहेर लावलीय, याच मॉडेलची, आणि पुढून एका कोपऱ्यात किंचित बसलेली.