प्रोटॉन मरतो का? कोलारच्या खाणीतली राखण

[दृश्य: गंजलेला उंच सांगाडा, वर थांबलेली दोन चाकं. फक्त वाऱ्याचा आवाज.]

कर्नाटकातलं कोलार गोल्ड फील्ड्स. इथून सोनं निघायचं. आता उरलेत ते खाणीतून उपसलेल्या मातीचे फिकट डोंगर आणि हे सांगाडे.

पण आपली गोष्ट सोन्याची नाही, लोखंडाची आहे. १९८० साली याच खाणीत, जमिनीखाली २.३ किलोमीटरवर, मुंबईच्या टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या आणि जपानच्या ओसाकामधल्या शास्त्रज्ञांनी १४० टनांचं एक यंत्र रचलं. बहुतेक सगळं लोखंडच. आणि त्या लोखंडाच्या अणूंच्या गाभ्यातला एखादा प्रोटॉन मरतो का, याची राखण सुरू झाली.

असला उद्योग कुणी का करावा?

[दृश्य: फळा, खडूनं काढलेल्या चार रेघा.]

निसर्गाचा सगळा कारभार चार बलांवर चालतो. गुरुत्वाकर्षण आपल्या ओळखीचं. विद्युतचुंबकीय बल तर दिवसरात्र सोबतीला. चहात साखर विरघळते तीही त्याच्याच जोरावर. उरलेली दोन अणूच्या गाभ्यात दडून बसलेली. प्रबल बल प्रोटॉन आणि न्यूट्रॉनना गच्च बांधून ठेवतं. क्षीण बल गुपचूप मोडतोड करतं. एकटा पडलेला न्यूट्रॉन साधारण पंधरा मिनिटांत मोडतो, ते याच्यामुळे. सूर्य पेटता राहतो, त्यातही याचा हात आहे.

यांच्या ताकदीत फरक किती? दोन प्रोटॉनमधलं विद्युत बल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणापेक्षा एकावर छत्तीस शून्यं इतक्या पटींनी मोठं. एवढी तफावत असताना ही चौघं एकाच घरची असतील, असं कुणाच्या मनात तरी का यावं?

कारण याआधी दोनदा तसं निघालं होतं. जमिनीवर पडणारी वस्तू आणि आकाशात फिरणारा चंद्र एकाच नियमाने बांधलेत, हे न्यूटननं दाखवलं. वीज आणि चुंबकत्व एकाच सिद्धांतात बसतात, हे १८६५ मध्ये मॅक्सवेलनं. मग आइन्स्टाइननं आयुष्याची शेवटची तीस वर्षं गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्वाची मोट बांधण्यात घातली. १९५५ साली प्रिन्स्टनच्या हॉस्पिटलात अखेरच्या दिवसांतही त्याला आपल्या आकडेमोडीचे कागद हवे होते. गाभ्यातल्या दोन बलांकडे मात्र त्यानं फारसं पाहिलं नाही. चौघांच्या घरातली गोष्ट दोघांनाच विचारली तर ती अर्धीच कळणार.

पुढचं दार नेमकं त्या दुर्लक्षित बाजूनंच उघडलं. ग्लाशो, वाइनबर्ग आणि अब्दुस सलाम यांनी विद्युतचुंबकीय आणि क्षीण ही बलं मुळात एकच असल्याचं मांडलं. १९७९ मध्ये तिघांना नोबेल मिळालं. त्यांनी सांगितलेले, क्षीण बल वाहणारे डब्ल्यू आणि झेड कण १९८३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत सापडलेही.

[दृश्य: जुना वाडा. चौक, भोवतीनं बिऱ्हाडं. एक बंद दार.]

पण सिद्धांतवाल्यांना तेवढ्यावर कुठला दम! प्रबल बलही याच घरात आणायचं, असं जोगेश पती आणि सलाम, आणि दुसरीकडे जॉर्जाय आणि ग्लाशो यांनी १९७४ पर्यंत मांडून टाकलं. पती मूळचे ओडिशाचे. कल्पना अशी, की विश्व अतितप्त होतं तेव्हा सगळे एकत्र नांदत होते. जसं ते निवत गेलं, तशी एकेकानं वेगळी चूल मांडली.

हे तपासायचं कसं? तेवढी ऊर्जा यंत्रात निर्माण करणं केवळ अशक्य. सर्नचा आजचा २७ किलोमीटर घेराचा त्वरक, म्हणजे कणांना वेग देऊन आदळवणारं यंत्रसुद्धा, हजारो कोटी पटींनी तोकडा पडतो.

मात्र एक फट होती. वाडा एकच असेल, तर प्रोटॉनमधले क्वार्क आणि इलेक्ट्रॉनच्या जातीचे कण ही शेजारची बिऱ्हाडं. मधलं दार बंद असलं तरी आहे. फार क्वचित ते उघडतं, क्वार्क पलीकडे जातो, आणि ज्याला आपण अमर समजत होतो तो प्रोटॉन मोडतो. सरासरी किती वर्षांनी? सिद्धांताचा अंदाज एकावर तीसेक शून्यांच्या घरातला. विश्वाचं वय आहे जेमतेम १,३८० कोटी वर्षं.

एका प्रोटॉनपाशी बसून काही व्हायचं नाही. पण १४० टनांत प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून जवळपास आठावर एकतीस शून्यं इतके कण असतात. आयुर्मान एकावर एकतीस शून्यं वर्षं धरलं, तर वर्षाला सातआठ मरायला हवेत. तेवढ्यांची वाट पाहता येते.

[दृश्य: चौकोनी लोखंडी नळी, जवळून.]

हे त्या यंत्राचं एक अंग. दहा सेंटिमीटर रुंद चौकोनी नळी, आत वायू, आणि मधोमध ताणलेली एक बारीक तार. विद्युतभारित कण आरपार गेला की तारेवर विजेचा एक ठिपका उमटतो. अशा नळ्यांचे ३४ थर, एक उभा तर पुढचा आडवा. ठिपके जोडत गेलं की कणाची वाट दिसते. रांगोळीच म्हणा, फक्त ती काढणारा दिसत नाही.

खाणीत एवढं खोल जायचं कारण डोक्यावरचा दगड. जमिनीवर विश्वकिरणांतले, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या माऱ्यातून जन्मलेले, म्यूऑन नावाचे कण आपल्या तळहातातून सेकंदाला एखाददुसरा जात असतात. त्या गलबल्यात प्रोटॉनचं मरण कुठलं ऐकू येणार? खाली, त्या अख्ख्या यंत्रात, दिवसाला दोनचार म्यूऑन. इतकी शांतता.

आणि रांगोळ्या उमटल्या! यंत्राच्या आतच सुरू होऊन आतच संपणाऱ्या काही खुणा दिसल्या. १९८१-८२ मध्ये चमूनं त्या प्रसिद्ध केल्या : या घटना प्रोटॉन मोडल्याच्या असू शकतील. जगभर चर्चा झाली.

अडचण एकच होती, आणि ती घरचीच. न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला, जवळपास कशालाच न अडणारा कण दगडाला जुमानत नाही. तो लोखंडात येऊन आदळला तर खूण थेट तशीच उमटू शकते. आता गंमत बघा. वातावरणात जन्मणारे हे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा दिसले ते १९६५ साली, याच कोलारमध्ये, टीआयएफआर, ओसाका आणि इंग्लंडमधल्या डरहॅमच्या चमूला. जवळजवळ त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतही. ज्यांनी कोलारचं नाव केलं, तेच पंधरा वर्षांनी आडवे आले.

मग अमेरिकेत ओहायोतल्या मिठाच्या खाणीत हजारो टन पाण्याचं यंत्र उभं राहिलं, जपानमध्ये कामिओकांदे नावाचं तसंच दुसरं. कोलारपेक्षा कितीतरी मोठी. त्यांना मेलेला प्रोटॉन दिसला नाही. जॉर्जाय आणि ग्लाशो यांचा १९७४ चा तो सुबक, साधा सिद्धांत तिथंच बाद झाला. कोलारच्या चमूनं घाई केली, असं मागाहून म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. दिसलं ते त्यांनी मांडलं, आणि २६० टनांचं दुसरं यंत्र लावून पुन्हा राखणीला बसले.

[दृश्य: जपान. प्रचंड टाकी, भिंतीभर सोनेरी गोळे, मध्ये एक छोटी होडी.]

ही सुपर-कामिओकांदे. ५०,००० टन अतिशुद्ध पाणी. प्रोटॉनसाठी बांधलेल्या टाक्यांच्या याच घराण्यात १९८७ साली फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो सापडले. आणि १९९८ मध्ये, पूर्वी जो नुसता अडथळा होता त्याच वातावरणातल्या न्यूट्रिनोंनी वाटेत रूप बदलल्याचं इथं दिसलं. दोन्हींना पुढे नोबेल मिळालं. प्रोटॉन मात्र ढिम्म. त्याचं आयुष्य निदान एकावर चौतीस शून्यं वर्षं असणार, इतकंच आज सांगता येतं. गुरुत्वाकर्षण तर अजून वाड्याच्या उंबऱ्यालाही शिवलेलं नाही.

[दृश्य: पुन्हा कोलार. संध्याकाळ.]

खाणकाम परवडेना. कोलारमधला प्रयोग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गुंडाळला गेला, २००१ मध्ये खाणीही बंद झाल्या. उपसा थांबला आणि खालून पाणी चढत गेलं.

जपानमध्ये आता सुपर-कामिओकांदेहून कितीतरी मोठी टाकी बांधताहेत. तीही पाण्यानंच भरायची आहे.