अर्धसत्याविरुद्ध असत्याची बाजू
(इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, खोटे बोलणे कधी नीतीला धरून असू शकते काय, हा आजचा विषय संयोजकांनी मला दिला असे आता सांगण्यात आले. वस्तुस्थिती अशी की तो मीच त्यांच्या गळ्यात मारला आहे, कारण गेली कित्येक वर्षे मी तो घरी बोलतो आणि घरचे लोक आता उठून जातात.

‘नरो वा कुंजरो वा’ हे येथे कोणाला समजावून सांगायला नको. मात्र तो कुंजर कोणाचा होता, असे विचारले तर किती हात वर होतील याविषयी मला शंका आहे. भीमाने मारलेला अश्वत्थामा नावाचा हत्ती मालवराज इंद्रवर्म्याचा होता, असे द्रोणपर्वात म्हटले आहे. इतिहासकार त्या काळच्या मालवांना पंजाबाकडे नेऊन बसवतात. पण त्यांपैकी कोणी आज समोर दिसत नाही, तेव्हा हत्ती आपल्याच माळव्यातला होता असे धरून चालू.

त्या प्रसंगी श्रीकृष्णाने युधिष्ठिराला आडवळण सुचवलेच नव्हते. द्रोण आणखी अर्धा दिवस लढले तर सगळी सेना संपेल आणि जीव वाचवण्यासाठी बोललेल्या असत्याचा दोष लागत नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले होते. युधिष्ठिराला ते स्वच्छ असत्य झेपले नाही. असत्याच्या भयात बुडालेला आणि जयाच्या ठिकाणी आसक्त, असे त्या क्षणीचे त्याचे वर्णन आहे. म्हणून ‘अश्वत्थामा मारला गेला’ हे तो मोठ्याने म्हणाला आणि ‘हत्ती’ हे अस्पष्टपणे पुटपुटला. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली आला, तो असत्यामुळे, असे आपण मुलांना शिकवतो. माझ्या मते तो त्या पुटपुटण्यामुळे यायला हवा होता, कारण द्रोणांना फसवायचे आणि वर आपण फसवले नाही असे स्वतःला सांगण्याची सोयही ठेवायची, असा तो दुहेरी व्यवहार होता.

हे माझ्या इतके जिव्हारी का लागते, ते सांगतो. आमच्या नात्यातल्या एका मुलीसाठी मी मध्यस्थ म्हणून एक स्थळ पाहायला गेलो होतो. मुलाचे स्वतःचे घर आहे, तेही राजवाड्यापासून पायी पाच मिनिटांवर, असे कळले होते. घर होते, लाकडी सज्जा, आत चौक, पोह्यांवर शेव आणि जिरावण, कशात काही उणे नव्हते. फक्त चौकाच्या मधोमध विटांची एक भिंत अर्धवट उभी होती आणि तिच्याकडे पाहताच मुलाचे वडील आणखी पोहे आणायला सांगत होते. घर कोणाच्या नावावर आहे असे मी विचारले, तेव्हा ‘आमच्याच’ असे उत्तर आले. या ‘आमच्याच’मध्ये दिवंगत आजोबा, त्यांचे चार मुलगे आणि न्यायालयातला एक दावा सामावलेला होता, हे आम्हांला साखरपुड्याच्या थोडे आधी, तेही शेजाऱ्यांकडून कळले. मुलगा परदेशी जाऊन आलेला होता, हेही खरेच होते. तो काठमांडूला जाऊन आला होता. (हशा) हसू नका, पासपोर्ट लागत नसला तरी परदेश तो परदेशच. मी जाब विचारायला गेलो, तेव्हा त्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, “आम्ही खोटे काय सांगितले ते दाखवा.” मला ते दाखवता आले नाही. लग्न मोडल्याचा ठपका मात्र आजही माझ्यावरच आहे.

कोणी म्हणेल, विवाहकाळच्या असत्याला महाभारतातच सूट आहे. थट्टा, स्त्रिया, विवाह, प्राणसंकट आणि सर्वस्वहरण अशी पाच असत्ये निर्दोष मानणारे ते वचन आदिपर्वात आहे खरे. पण ते शर्मिष्ठेच्या तोंडी, ययातीचे मन वळवताना, म्हणजे ज्या पक्षाचा लाभ आहे त्याच्याच तोंडी आले आहे. ययातीनेही लगेच उत्तर दिले की राजाकडे लोक प्रमाण म्हणून पाहतात, तो खोटे बोलला तर नाश पावेल.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा ज्यासाठी तुम्हांला बोलावले ते आता घाईने सांगावे लागेल.

कर्णपर्वात कौशिक नावाच्या सत्यव्रती ब्राह्मणाची कथा आहे. रानात लपलेल्या माणसांचा पत्ता त्याने चोरांना खरा सांगितला, ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. न बोलून भागत असेल तर गप्प राहावे, पण गप्प राहून संशय येणार असेल तर ‘श्रेयस्तत्रानृतं वक्तुम्’, म्हणजे तेथे खोटे बोलणेच श्रेयस्कर, हा तिथला निर्णय, आणि टिळकांनी 1915च्या ‘गीतारहस्या’त कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात त्याचा विचार केला आहे. उलट जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1797 साली लिहिले की मित्राला मारायला आलेल्या खुन्याशीही खोटे बोलता येणार नाही. याच कांटने 1794 मध्ये प्रशियाच्या राजाला, धर्मावर जाहीरपणे काही मांडणार नाही, असे ‘महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन म्हणून’ लिहून दिले. राजा वारल्यावर 1798 मध्ये त्याने खुलासा केला की ते शब्द मुद्दाम निवडले होते, वचन त्या राजाच्या हयातीपुरतेच होते. हा कांटचा हत्ती!

माझी कसोटी अशी आहे की खोटे बोलणाऱ्याला उद्या चारचौघांत ‘होय, मी खोटे बोललो आणि ते या कारणासाठी’ असे म्हणता आले पाहिजे. कौशिकाला ते म्हणता आले असते. घरवाल्या गृहस्थांना येणार नव्हते, कारण त्यांची सगळी मदार आपण खोटे बोललोच नाही यावर होती.

आता रुग्णाचा प्रश्न राहिला. रोगाचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे डॉक्टरांसाठीच्या 2002च्या आचारनियमांत आहे. तरीही आजींना कर्करोगाचे कळू देऊ नका, अशी गळ घरचे लोक घालतात आणि ती प्रेमानेच घालतात. परंतु लपलेल्या माणसांचा पत्ता मिळण्याचा कोणताही अधिकार चोरांना नव्हता, आणि आजींचा आजार मात्र आजींचाच आहे. मृत्युपत्रावर सही करायची की नाही, बडोद्याच्या लेकीला आत्ताच बोलावून घ्यायचे की दिवाळीची वाट पाहायची, हे त्यांना ठरवायचे असते. त्यांनी विचारलेच नाही तर गप्प राहण्याला माझी हरकत नाही, पण सरळ विचारल्यावर ‘काही नाही, साधी गाठ आहे’ असे सांगणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.