मोकाट कुत्री शेजारच्या शिवारात सोडली, मग पुढं काय?

नमस्कार मंडळी.

रात्री साडेअकराच्या सुमाराला एक पिकअप गावच्या शिवेवर येऊन उभी राहते. मागचा फाळका पडतो, पंधरा-वीस कुत्री खाली उड्या टाकतात आणि अंधारात पांगतात. गाडी वळते, निघून जाते. सकाळी त्या गावातले लोक एकमेकांना विचारायलेत, "ही कुत्री आपली न्हाईत, आली कुठून?"

मराठवाड्यात हे कुणाला नवीन नाही. शहरातली कुत्री जवळच्या खेड्याच्या शिवारात, त्या खेड्यातली पुढच्या खेड्यात. तक्रारी वाढल्या की गाडी येते, गल्ली चार दिवस शांत होते, लोक खूश.

माझं आज एवढंच म्हणणं आहे की ही गाडी बंद झाली पाहिजे. कुत्र्यांची दया येते म्हणून नव्हे. म्हणजे येते, पण तो विषय वेगळा. या गाडीनं कुत्री कमी होत नाहीत आणि रोग मात्र गावोगाव पोचतो.

कसं ते बघा. कुत्रं अन्नाच्या आधारानं राहतं. बसस्टँडमागच्या उकिरड्यावर वीस कुत्री पोसली जात असतील, तर ती उचलून नेल्यावरही उकिरडा तिथंच असतो. आजूबाजूची कुत्री तिथं सरकतात. जी हाती लागली नव्हती त्यांची पिल्लं जास्त जगतात, कारण खाण्यातले वाटेकरी गेले. थोड्या दिवसांनी पुन्हा वीस. इकडं ज्या गावात ती सोडली, तिथली कुत्री नव्यांना हद्दीत येऊ देत नाहीत. रात्रभर भांडणं, चावाचावी. त्या वीसातल्या एकाच्या अंगात रेबीजचा विषाणू असला तर? लक्षणं दिसायच्या आधी काही आठवडे, कधी काही महिने तो गप्प बसलेला असतो. बाहेरून कुत्रं चांगलं धडधाकट. म्हणजे तुम्ही डिझेल जाळून, माणसं लावून, रोग शेजारच्या गावात नेऊन सोडला.

[पडद्यावर आकडे]

२०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीहून जास्त मोकाट कुत्री मोजली गेली. महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास. २०२४ या एका वर्षात कुत्रं चावल्याच्या ३७ लाखांवर नोंदी देशात झाल्या, त्यातल्या सुमारे ४ लाख ८५ हजार आपल्या राज्यातल्या.

आता मृत्यू. सरकारी नोंदीत २०२४ मध्ये रेबीजचे संशयित मृत्यू ५४. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संशोधकांनी घरोघरी जाऊन पाहणी केली, त्यावरून वर्षाला साधारण ५,७०० चा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज १८ ते २० हजारांचा. कुठं चोपन्न आणि कुठं वीस हजार! पण नवल वाटायला नको. डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटल्यावर जो माणूस घरी आणला आणि घरीच गेला, तो कुठल्या रजिस्टरात चढतो?

चावतं कुणाला? सगळ्यात आधी पोरांना. त्यांची उंचीच अशी की कुत्र्याचं तोंड थेट त्यांच्या चेहऱ्यापाशी येतं. हा विषाणू रक्तातून नाही, मज्जातंतूंमधून मेंदूकडं सरकतो, त्यामुळं डोक्या-मानेजवळचा चावा सगळ्यात वाईट, विषाणूला अंतर कमी पडतं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या कोप्यांवर आई-बाप फडात असतात आणि लेकरं बाहेर खेळत असतात, तिथला धोका कुणी मोजलेलाच नाही. रात्रीची लाईट आली म्हणून मोटार चालू करायला बॅटरी घेऊन निघालेला शेतकरी, पहाटे दूध घालायला निघालेला गडी, मोटारसायकलच्या मागं कुत्रं लागलं म्हणून गाडी पळवणारा आणि वळणावर आपटणारा पोरगा, हे सगळे त्यातलेच. आणि शेळ्या. गोठ्याला दार नसलं तर टोळी रात्रीतून करडं फाडून टाकते, आणि शेळीवर संसार असलेल्या बाईचं वर्ष तिथंच बसतं.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण इथं जाणती माणसंही फसतात.

पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं लाळ गाळत धावणारं, दिसेल त्याला चावणारं कुत्रं येतं. पण रेबीजचा दुसरा एक प्रकार आहे, मुका. त्यात कुत्रं कोपऱ्यात, अंधारात बसून राहतं. खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आवाज बदलतो. घरातल्या माणसाला वाटतं, घशात हाडूक अडकलं. तो तोंडात हात घालतो. म्हशीचं, गाईचंही तसंच. कुत्रं चावलेलं जनावर काही आठवड्यांनी चारा सोडतं, लाळ गाळतं, वेगळ्याच आवाजात हंबरतं, आणि मालक घशात काही अडकलं का बघायला कोपरापर्यंत हात घालतो. घालू नका. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा, आणि हात घालून झाला असेल तर तुम्ही स्वतः दवाखान्यात जा.

मग गावात घबराट होते की त्या म्हशीचं दूध कुणी कुणी प्यालं. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. कच्चं दूध प्यालात तर डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील. पण दुधाच्या भीतीनं अख्खं गाव रांगेत आणि तोंडात हात घातलेला मालक घरी, असं व्हायला नको.

चावल्यावर काय करायचं? पहिली पंधरा मिनिटं तुमच्या हातात आहेत. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, जखम धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून पंधरा मिनिटं. कपड्याचा साबणही चालतो. नळाला पाणी नसेल तर कुणीतरी तांब्यानं ओतत राहायचं. साबणानं या विषाणूचं वरचं आवरण फुटतं, त्यामुळं निम्मं काम तिथंच होतं. चुना, मिरची, हळद, तंबाखू, कुठला पाला, काही लावायचं नाही. जखम लगेच शिवून घ्यायची नाही, पट्टी आवळायची नाही.

मग दवाखाना, त्याच दिवशी. नुसतं चाटलं आणि कातडी धड असेल तर धुणं पुरे. ओरखडा असेल, रक्त नसेल, तरी लस. रक्त आलं असेल, किंवा लाळ डोळ्यात, तोंडात, जुन्या जखमेत गेली असेल, तर लस आणि शिवाय सीरम. इथं घोळ होतो. लस शरीराला लढायला शिकवते, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. सीरम तयार फौज आहे, ते जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत लस मिळते, सीरमसाठी मात्र ग्रामीण रुग्णालय किंवा थेट जिल्ह्याचं ठिकाण गाठावं लागतं. म्हणून "सुई घेतली" एवढ्यावर घरी यायचं नाही. "जखमेत सीरम द्यायचं आहे का?" हे तोंडानं विचारायचं. पहिल्या लशीपासून सात दिवसांच्या आतच ते देता येतं.

लशीचे दिवस: पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८, कातडीत देणार असतील तर. दंडाच्या स्नायूत देणार असतील तर मध्ये १४ वा दिवस वाढतो. तिसऱ्या सुईनंतर "बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आणि हो, पोटातली चौदा इंजेक्शनं! आजही म्हातारी माणसं पोरांना ती भीती घालतात आणि पोरं चावलेलं लपवतात. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, २००४ अखेर देशात बंद झाली. घरात पोरांना हे आज सांगा.

कुत्रं माहितीतलं असेल तर दहा दिवस लक्ष ठेवायचं. दहा दिवस ते ठणठणीत राहिलं तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. पण लस त्या दहा दिवसांसाठी थांबवायची नाही. लक्षणं सुरू झाल्यावर या रोगाला इलाज नाही.

आता वाढ कशामुळं. उकिरडा म्हटलं की सगळे माना डोलावतात, पण नेमकं कुठं ते बघा. चिकन सेंटरची आतडी-पिसं संध्याकाळी नाल्यात. मंगल कार्यालयामागं पत्रावळ्यांचा ढीग. आणि गावाबाहेर मेलेलं ढोर टाकायची जागा. पूर्वी तिथं गिधाडं उतरायची आणि हाडं सोडून काही ठेवायची नाहीत. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली, आणि नव्वदीच्या दशकात गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर ती जागा कुत्र्यांनी घेतली होती. गावाला मेलेलं जनावर खोल पुरायचं ठरवता येत नसेल, तर त्या गावानं कुत्र्यांबद्दल ओरडू नये, असं मला वाटतं.

कायद्याचं थोडक्यात. कुत्र्यांना विष घालणं, मारणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी, म्हणजे महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतसुद्धा. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं की नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं त्याच भागात परत सोडायचं. रेबीज झालेलं किंवा अंगावर धावणारं सोडायचं नाही. ७ नोव्हेंबरला आणखी आदेश आला: शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथून कुत्री हलवायची, नसबंदी-लस करून निवाऱ्यात ठेवायची, परत तिथं सोडायची नाहीत.

शाळेच्या आवारात कुत्री नकोत, याला माझी पूर्ण सहमती. पण निवारा कुठाय? आपल्याकडच्या किती नगरपालिकांकडं कुत्री ठेवायची जागा, पिंजरे, रोजचं खाणं, डॉक्टर आहे? मला भीती ही की आदेशाच्या नावाखाली तीच पिकअप पुन्हा निघेल.

मग गावानं काय करावं? नसबंदी आणि लस या दोन गोष्टी वेगळ्या करा. नसबंदीला भूल लागते, शस्त्रक्रियेची जागा लागते, नंतर काही दिवस कुत्रं ठेवावं लागतं, आणि ते काम प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या केंद्रातूनच व्हावं लागतं. एकट्या ग्रामपंचायतीला हे झेपणार नाही. तालुक्यातल्या पंचवीस-तीस गावांनी आणि नगरपालिकेनं मिळून एक केंद्र उभं केलं तर झेपेल. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. त्यांना कुणी पत्र तरी लिहावं. आणि वेळ साधावी. भाद्रपदात कुत्री माजावर येतात, दोन महिन्यांनी, दिवाळीच्या आगेमागे, पिल्लं. पिल्लांजवळची कुत्री सगळ्यात जास्त चावते. म्हणजे शस्त्रक्रिया उन्हाळ्यात, आषाढाच्या आत, आणि आधी माद्यांच्या. वर्षभर तुरळक दहा-दहा कुत्री करण्यात पैसा जातो, संख्या तिथंच राहते.

लशीला मात्र एवढा बारदाना लागत नाही. गावातल्या कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना दरवर्षी लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. गावात ऐंशी कुत्री असतील तर छप्पन्न. पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर, जाळी धरणारे चार तरुण आणि टोचलेल्या कुत्र्याच्या कपाळावर ओढायला रंग. दोन दिवसांचं काम. गोव्यात हेच वर्षानुवर्षं नेटानं केलं, आणि २०२१ मध्ये त्या राज्यानं स्वतःला रेबीज-नियंत्रित जाहीर केलं.

या मोजणीत आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या वस्तीवरची, कुत्री धरा. ती "मोकाट" नाहीत, त्यांना मालक आहे, म्हणून कुठल्याच यादीत येत नाहीत. रात्री गावात येऊन मिसळतात आणि सकाळी आखाड्यावर, लेकराबाळांत. त्यांची लस मालकाच्या खिशातून झाली पाहिजे. ग्रामसभेत ठराव करा.

आणि खायला घालणारे. नरसीच्या नामदेवांची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे, कुत्र्यानं भाकरी पळवली तर तूप घेऊन मागं धावलेले. त्या मुलखात "कुत्र्याला भाकरी टाकू नका" म्हटलं तर कोण ऐकणार? टाका. पण शाळेच्या फाटकासमोर नको, दवाखान्यासमोर नको, एक ठरलेली जागा, ठरलेली वेळ. न्यायालयानंही ठरलेल्या जागीच घाला म्हटलंय. आणि जाळी घेऊन माणसं येतील तेव्हा त्यांच्याशी भांडू नका, पुढं व्हा. अनोळखी माणसाला पाहून पळणारं कुत्रं तुमच्या हाकेला येतं. ज्यांच्यावर गाव चिडतं, त्या भाकरीवाल्या काकूंवाचून छप्पन्नचा आकडा गाठता येणार नाही.

आता तुमच्याकडून एक काम. तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा: कुत्रं चावल्यावरची लस आज शिल्लक आहे का, आणि सीरम कुठं मिळेल? दवाखान्याचं गाव, तालुका आणि मिळालेलं उत्तर खाली कॉमेंटमध्ये लिहा. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून उत्तरं आली तर त्यांची तालुकावार यादी करून पुढच्या व्हिडिओत टाकतो.