आठवडी बाजारातून हौदापर्यंत

(दृश्य : परभणी जिल्ह्यातला आठवडी बाजार. पालांखाली भाजीच्या पाट्या. वैशाखातली सकाळ.)

आरवीची पाटी. रताळी. अद्रकीचे गड्डे. कडेला गवती चहाच्या जुड्या. रोजच्या स्वयंपाकासाठी घ्यायचा हा माल, पण यातला थोडा आज चुलीपर्यंत जाणार नाही, घरामागच्या हौदाभोवतीच्या बागेत जाईल.

"ताई, बारक्या बारक्या कायला निवडायलात? मोठ्या घ्या की."

"मोठ्या भाजीला घेते मावशी. ह्या लावायच्यात."

ताई एकेक आरवी उलटीसुलटी करून बघतात. अंग टणक हवं, कुठं मऊ डाग नको आणि टोकाला कोंबाची जागा फुगलेली हवी. अद्रक घेतानाही नजर कोंबाच्या डोळ्यांवरच. सुरकुतलेला गड्डा त्या परत ठेवतात. गवती चहाची जुडी मात्र बुडख्यासकट असलेली शोधावी लागते, कारण नुसत्या पात्याला मुळं फुटत नाहीत.

हळदीच्या बाबतीत अनेकांची निराशा होते. किराणा दुकानातलं हळकुंड कितीही जपून लावलं तरी उगवणार नाही. ते उकडून वाळवलेलं असतं, त्यातला जीव कढईतच संपलेला असतो. लावायला ओली हळद लागते, आणि ती बाजारात येते हिवाळ्याच्या शेवटी, काढणीच्या दिवसांत. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, वसमतच्या बाजूला हळदीचे मळेच आहेत, त्यामुळं इथं ओली हळद मिळायला अडचण नाही. ताईंनी ती तेव्हाच घेऊन सावलीत, कोरड्या वाळूत ठेवली होती. अक्षय्य तृतीया झाली की ती बाहेर निघते.

(दृश्य : घरामागची बाजू. सिमेंटचा जुना हौद.)

मराठवाड्यात घरामागं पाण्यातली झाडं लावायची म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याचाच येतो, आणि तो यायलाच हवा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आजही कितीतरी गावांत नळाला रोज पाणी येत नाही. अशा मुलखात हौदात कमळ लावणं चैनीचं वाटू शकतं.

पण या घरातला हौद चैनीचा नाही. घराचं पाणी आता वरच्या टाकीत साठतं, म्हणून हा हौद रिकामा पडला होता. भाजी, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी आता आधी इथं येतं. साबणाचं पाणी मात्र इकडं वळू द्यायचं नाही, हा नियम कडक आहे. हौदातून संध्याकाळी बादलीभर पाणी निघतं ते हळदीच्या वाफ्याला. हौदात सोडलेल्या गप्पी माशांच्या विष्ठेमुळं त्यात नत्र असतं, म्हणजे पाण्याबरोबर थोडं खतही मिळतं. सगळी मांडणी तहानेच्या क्रमानं आहे : चमकुरा (म्हणजे अळू) पाण्यात, हळद आणि अद्रक काठाला, अननस पार भिंतीकडं.

(दृश्य : चमकुऱ्याच्या पानावर कॅमेरा.)

आरवी लावली की चमकुरा येतो, हे सांगायची गरज नाही. ती थेट पाण्यात टाकली तर सडते, ही गोष्ट मात्र सांगायला हवी. आधी कुंडीत, ओलसर मातीत दोनतीन पानं येऊ द्यायची. मग ती कुंडी हौदात अशी ठेवायची की मातीवर चार बोटं पाणी राहील. कुंडीत शेणखत नको, पाण्यात ते कुजतं आणि वास मारतं. तळ्यातला गाळ किंवा आपली काळी माती पुरे, वर वाळूचा थर, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ ला सुरू झाल्यापासून तळ्यातला गाळ शेतात नेणं गावोगाव ओळखीचं झालं आहे. हौदासाठी दोन पाट्या कुणीही देतं.

आता हा देठ आडवा कापून बघा. आत बारीक पोकळ्याच पोकळ्या. पानानं घेतलेली हवा याच वाटेनं खाली मुळांपर्यंत जाते, म्हणून चिखलात उभं राहूनही चमकुरा गुदमरत नाही. हळदीला आणि अद्रकीला ही सोय नाही. त्यांच्या बुडाशी पाणी साचलं की कंदकुज धरते. त्यांची जागा काठाला आहे ती याच कारणानं.

मला स्वतःला या बागेत सगळ्यात आवडतं ते पहाटेचं दृश्य. पावसाळ्यात, दव नसतानाही, चमकुऱ्याच्या पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब तयार होतो, पडतो, पुन्हा तयार होतो. मुळांनी रात्रभर वर चढवलेलं जादा पाणी पान टोकातून बाहेर टाकतं. आणि तेच पान वरून मात्र भिजत नाही. त्यावरच्या मेणामुळं पावसाचा थेंब गोल होऊन घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो.

पानं खुडून वड्याही होतात. चिंचेशिवाय मात्र नको. पानादेठात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, घसा खाजतो तो त्यांच्यामुळं. आणि रोपवाटिकेतून आणलेलं, चमकुऱ्यासारखं दिसणारं शोभेचं झाड कधीही पातेल्यात घालू नका.

(दृश्य : पाण्यात गप्पी मासे.)

साचलेलं पाणी म्हणजे डास, आणि डास म्हणजे डेंग्यू. भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळता येतो, हौद दर आठवड्याला कसा कोरडा करणार? म्हणून गप्पी मासे. डासांच्या अळ्या हे त्यांचं खाणं. हिवताप विभागाकडं ते मिळतात. मासे मिळाल्याशिवाय हौदात पाणी भरू नये, इतकं हे महत्त्वाचं आहे.

(दृश्य : तळहातावर काळ्या बिया, कानस.)

भाजीवाल्याकडची कमळकाकडी, म्हणजे कमळाचा कंद, लावायला बहुधा निरुपयोगी असते, कारण तिचं वाढतं टोक कापलेलं असतं. पूजेच्या सामानातला कमळगट्टा, म्हणजे कमळाचं बी, मात्र उगवतो. माळेतला नको, त्याला भोक पाडलेलं असतं. अख्खा घ्या. त्याचं कवच इतकं घट्ट की पाणी आत शिरतच नाही. चीनमधल्या एका जुन्या तळ्याच्या गाळात सापडलेलं कमळाचं सुमारे १३०० वर्षं जुनं बी शास्त्रज्ञांनी उगवून दाखवलं आहे.

कानशीवर एक बाजू हळूहळू घासायची. काळं कवच जाऊन फिकट थर दिसला की थांबायचं. मग ग्लासभर पाण्यात, पाणी रोज बदलत. तरंगत राहिलेलं बी टाकून द्यायचं. आठवडाभरात बी फुगून फुटतं आणि हिरवा कोंब बाहेर येतो. पहिली पानं पाण्यावर तरंगतात, उभी पानं नंतर. फुलाची घाई करू नका, पहिल्या वर्षी बहुधा येत नाही.

अननसाचा शेंडा पिळून काढायचा, खालची पानं सोलायची, चार दिवस सुकवून कुंडीत लावायचा. अननस आपली पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, रात्री उघडतो, दिवसा मिटून घेतो. म्हणून आपल्या कोरड्या हवेतही त्याचं कमी पाण्यात भागतं. फळाला दीड-दोन वर्षं लागतात. एकादशीला आणलेल्यातलं एक रताळं अर्धं पाण्यात ठेवलं की त्याचे वेल हौदाच्या कठड्यावरून खाली उतरतात.

(दृश्य : भाद्रपद. हिरवागार वाफा.)

महालक्ष्म्यांच्या दिवसांत ही बाग भरात असते. हळदीची पानं कंबरेपर्यंत आलेली. ती बाजूला केली की आत फुलाचा दांडा दिसतो, पांढरट हिरवा, शेंड्याला गुलाबी छटा. रोजच्या फोडणीतली हळद इतकं देखणं फुलते, हे फार जणांनी पाहिलेलं नसतं.

डिसेंबरमध्ये परभणीची थंडी पडली की हीच पानं पिवळी पडून माना टाकतात. झाड मेलं म्हणून उपटू नका, पाणी कमी करा. जमिनीखाली कंद भरत असतो. फेब्रुवारीत खणायचं.

एप्रिल-मे सगळ्यात कठीण. झळांनी चमकुऱ्याच्या कडा करपतात, हौद रोज बोटभर खाली जातो. तेव्हा ताई दुपारच्या उन्हाच्या बाजूला जुनी साडी बांधतात आणि चमकुऱ्याची निम्मी पानं काढून टाकतात. पानं कमी, तितकं पाणी कमी उडतं. पाणी अगदीच तुटलं तर आरव्या काढून सावलीत ठेवता येतात. मृगाचा पाऊस आला की पुन्हा लावायच्या.

हौद नसेल तर भोक नसलेला प्लास्टिकचा टब घ्या. चार आरव्या, दोन पाट्या गाळ, पाचसहा गप्पी मासे.