खांदा वळव, बाय

(दृश्य: गोव्यातल्या साखळीचं बसस्टँड. संध्याकाळ. एक कदंबा बस येऊन थांबते.)

वाळपईकडून येणारी कदंबा साखळीच्या स्टँडवर लागते. दारातून आधी एक पिशवी खाली येते, मग पिशवीची मालकीण. पिशवीतून बुटाची लेस बाहेर लोंबतेय. हे बूट म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले. हिच्या मापाचे मिळाले नाहीत, म्हणून एक नंबर मोठे घेतले आणि आत ती मोज्यांचे दोन जोड चढवते.

मुलगी एकोणीस वर्षांची. सत्तरीतल्या एका गावात खो-खो खेळत मोठी झालेली. नाव सांगू का, असं विचारलं तर म्हणाली, "अजून केलंय काय मी, नाव सांगायला?" म्हणून नाव सांगत नाही.

इथून थोड्या अंतरावर एका छोट्या फुटबॉल क्लबाचं मैदान आहे. त्या क्लबानं तिला निरोप धाडला, सरावाला येऊन बघ. करार वगैरे काही नाही. बसचं तिकीट आणि सराव संपला की भाजी-पाव.

(दृश्य: तांबड्या मातीचं मैदान. कडेला चिऱ्यांचा ढीग. मुली वॉर्म-अप करताहेत.)

बोलावणं कसं गेलं ते क्लबाच्या सेक्रेटरींच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. भाचीचा सामना बघायला म्हणून ते एका खो-खोच्या स्पर्धेला गेले होते. समोरच्या संघातली ही मुलगी तीन मिनिटं कुणाच्या हाती लागली नाही. सेक्रेटरी भाचीला विसरले. "आमच्या विंगेवरच्या पोरीकडे बॉल तीन सेकंद राहत नाही हो," ते सांगतात. "आणि ही तीन मिनिटं!"

घरी निरोप पोचला तेव्हा आईची शंका वेगळीच होती. "हात लावायचा नाही म्हणतात त्या खेळात. मग गडी बाद करणार कसा?"

गोव्यात फुटबॉलला माणूस कमी पडतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. १८८३ साली शिवोलीत विल्यम लायन्स नावाच्या पाद्रीनं हा खेळ इथं आणला, असं मानतात. सासष्टी-बार्देशात तो मग भातशेतापर्यंत पोचला. कापणी झाली की शेतात चार काठ्या रोवायच्या आणि सुरू करायचं. पेडणे, डिचोली, सत्तरीचा भाग पोर्तुगिजांच्या हाती फार उशिरा आला. आमच्याकडे मराठी शाळा होती, आणि शाळेच्या अंगणात खो-खो, कबड्डी. फुटबॉल नव्हता असं नाही. पण पोरीच्या पायात पहिला बॉल यायचा तो शेजारच्या मुलांनी चुकून मारलेला.

पुढे खाणींचा पैसा फुटबॉलमध्ये आला. धेंपो, साळगावकर ही नावं देशभर गाजली. धेंपोनं पाच वेळा देशाची लीग जिंकली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेतून अंग काढून घेतलं. मोठ्यांची ही गत, तर डिचोली तालुक्यातल्या एका लहान क्लबाच्या मुलींच्या संघाबद्दल काय बोलायचं? बाहेरून खेळाडू आणायला पैसा नाही. मग जवळपास कोण चांगलं पळतं, ते शोधायचं.

(दृश्य: स्टॉपवॉच धरलेला हात. दोन कोनांमधून धावणारे पाय.)

चांगलं पळणाऱ्याला बॉल द्यावा, ही कल्पना या सेक्रेटरींची नव्हे. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसालाही असंच बोलावणं गेलं होतं. २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पळालेला उसेन बोल्ट. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातल्या सेंट्रल कोस्ट मरिनर्स या क्लबानं त्याला सरावाला घेतलं. बत्तिशीला आलेला माणूस, पाठीवर ९५ नंबर. १२ ऑक्टोबरला एका सरावसामन्यात त्यानं दोन गोलही केले. क्लबानं करार पुढे केला, पैशांवरून जमलं नाही, आणि नोव्हेंबर उजाडताच बोल्ट परतला. लीगचा एकही सामना न खेळता.

त्यात जाहिरातीचा भाग होताच. पण जे कॅमेऱ्यात दिसलं तेही खरं होतं. मोकळ्या जागेत तो कुणालाही मागे टाकायचा. मात्र पास आला की बॉल त्याच्या पायाला लागून हातभर पुढे जायचा, आणि तेवढ्यात समोरचा येऊन उभा. इथल्या क्लबाच्या कोच सरांचं मत सरळ आहे. "बोल्ट सरळ पळायला शिकला. फुटबॉलमध्ये सरळ पळायला मिळतं कुठे? खो-खोवाली मला जास्त चालेल."

सरांचं म्हणणं हवेतलं नाही. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. मोठ्या फुटबॉल मैदानात अशी सोळा मैदानं मावतील. एवढ्याशा जागेत जोर लावायचा, थांबायचं, हुल द्यायची, पुन्हा जोर लावायचा. एकेरी साखळी धरून पळणारी मुलगी बसलेल्या आठ जणींमधून नागमोडी जाते. (साखळीत साखळी, हा विनोद क्लबात रोज एकदा होतो. आम्हीही केला.) बॉल नसताना तिला बघा, विंगरचीच, म्हणजे कडेनं बॉल पुढे नेणाऱ्या खेळाडूचीच चाल वाटते.

बॉल दिल्यावर पहिला महिना वाईट गेला. फर्स्ट टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, हे तिला कळत होतं, पायाला कळत नव्हतं. चाळिसाव्या मिनिटाला दम संपायचा. खो-खोत तिघींची तुकडी आत जाते, बाद झाली की बाहेर बसते. इथं बाहेर बसणं नाही. नव्या बुटांनी टाचेला फोड आले ते वेगळेच. पण या सगळ्याची सरांना अपेक्षा होती.

अपेक्षा नव्हती ती दुसऱ्या गोष्टीची. ती बॉलची वाट बघत उभी राहायची. बॉल चार पावलांवर मोकळा पडलेला, आणि ही जागच्या जागी, पाय ताणून तयार. सर कडेवरून ओरडले, "कोण खो दिवपाचो तुका?"

सगळ्या मुली हसल्या. तीही हसली. पण खरंच, पाठीवर थाप पडल्याशिवाय उठायचं नाही, हे ती दहा वर्षं शिकत आली होती.

(दृश्य: जवळून. तिचा उजवा खांदा, बिबची निसटलेली पट्टी. मागून बॉल येतो.)

आता हा खांदा बघा.

सर तिला राइट बॅकला, म्हणजे उजवीकडच्या बचावाला खेळवतात. पुढची विंगर बॉल घेऊन आली की ही तिच्यावर अशी झेपावते की बघत राहावं. पण बॉल डोक्यावरून मागे गेला की संपलं. मान वळत नाही, खांदा वळत नाही, ती तशीच पुढे दोन पावलं जाते. रोज तीच आरोळी. "फाटी पळय गो! खांदो घुंवडाय, बाय!" म्हणजे मागे बघ, खांदा वळव.

सरांना वाटलं, लक्ष नाही. आठवडाभर ते चिडले. मग एका संध्याकाळी तिनं मातीत काटकीनं खो-खोचं मैदान काढून त्यांना समजावलं. पाठलाग करणारीनं एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. बसलेल्यांच्या मधली रेषा ओलांडता येत नाही. इतकंच काय, घेतलेल्या दिशेपासून खांद्यांची रेषा काटकोनापेक्षा जास्त वळली तरी पंच फाऊल देतात. दिशा बदलायची तर खांब गाठायचा, नाहीतर बसलेल्या दुसरीला खो द्यायचा आणि तिच्या जागी बसायचं. समोरची मागे निसटली तर ती आपली नाहीच. ती जिच्या तोंडासमोर गेली, तिची.

सरांनी तो नकाशा बराच वेळ पाहिला. फुटबॉलमध्ये जो पहिला धडा म्हणून ते गेली वीस वर्षं शिकवत होते, तो या मुलीच्या खेळात गुन्हा होता.

मग त्यांना एक जुनी गोष्ट उलगडली, ती आम्हालाही उलगडली. बॉल पायात असला की ही मुलगी धावक होते, आणि धावकाला कुठेही पळायची मोकळीक असते. म्हणून तेव्हा ती सुंदर खेळते. बॉल समोरच्यांकडे गेला की ती पाठलागाला लागते, आणि दहा वर्षांचा नियम अंगात येऊन बसतो. मुलगी तीच, मैदान तेच. बॉल कुणाकडे आहे त्यावर तिचा खेळ बदलतो.

एकाच माणसानं दोन खेळ मोठ्या पातळीवर खेळल्याचं उदाहरण आपल्याकडे आहे. चुनी गोस्वामी. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे कप्तान, आणि १९७१-७२ च्या रणजी मोसमात बंगालला अंतिम सामन्यापर्यंत नेणारेही तेच. पण क्रिकेट आणि फुटबॉल एकमेकांच्या आड येत नाहीत. एक हातानं खेळायचा, एक पायानं. हिचे दोन्ही खेळ पायांचेच आहेत, आणि पाय तेच दोन.

(दृश्य: सरावसामना. पाऊस नुकताच थांबलाय. गोलखांबाजवळ पाणी साचलंय.)

हा प्रसंग आमच्या कॅमेऱ्यात योगानं आला. लांब मारलेला बॉल तिच्या डोक्यावरून गेला. ती बॉलकडे वळली नाही. तिरकी पळत सुटली, स्वतःच्याच गोलाकडे. गोलखांबाला उजवा हात लावला, खांबाभोवती गर्रकन फिरली, आणि चिखलातून सूर मारल्यासारखी परत आत आली. तोवर स्ट्रायकर बॉल घेऊन तिथंच पोचली होती. हिच्या पायाला लागून बॉल बाहेर गेला. कॉर्नर.

सर हसत होते की वैतागले होते, ते चित्रणात नीट कळत नाही. गोलकीपर मात्र स्पष्ट ऐकू येते. "अगो, हो म्हजो खांबो!"

त्या रात्रीच्या बसमध्ये आम्ही तिला विचारलं, खो-खो सुटलं का मग? तिनं मान हलवली. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० नं हरवलं. तो सामना तिनं मोबाईलवर दोनदा पाहिलाय. क्लबाचा नोंदणीचा फॉर्म तिच्या पिशवीत आहे. सही अजून झालेली नाही. रविवारी ती गावच्या मंडळाच्या सरावाला जातेच.

(दृश्य: रविवार सकाळ. सत्तरी. देवळासमोरचं अंगण, आखलेलं मैदान, दोन खांब.)

आम्हीही गेलो. इथं ती अनवाणी. आठ जणी बसलेल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. पाठीवर थाप पडली, "खो!", आणि ती उठली. धावक तिच्या पुढे एका हातावर. अंतर कमी झालं. धावकानं हुल दिली आणि बसलेल्या मुलींमधून पलीकडे निसटली.

आणि हिचा खांदा वळला. पुरा. मान मागे, नजर मागे, अगदी सरांनी सांगितलं तसं.

मास्तरांची शिटी. फाऊल.