मुंबईची विमानं, तौंगूची धावपट्टी

नमस्कार श्रोतेहो.

आजची गोष्ट एका विमानाची आणि दोन बॉम्बची आहे. लक्षात ठेवा हं, एक विमान आणि दोनच बॉम्ब.

मंडालेचं नाव आपल्याला लोकमान्यांच्या तुरुंगवासामुळे पाठ आहे. रंगूनहून मंडालेकडे रेल्वे निघते, तिच्या वाटेवर तौंगू नावाचं गाव लागतं. तिथे धावपट्टी होती. साल 1942, महिना फेब्रुवारी. जपान्यांना दुसऱ्या महायुद्धात उतरून दोन महिनेही झाले नव्हते आणि ब्रह्मदेश ब्रिटिशांच्या हातातून निसटायला लागला होता. 23 डिसेंबर 1941 ला रंगूनवर पहिला मोठा हवाई हल्ला झाला. विमानं बघायला लोक रस्त्यावर आले, वर बघत उभे राहिले आणि तिथेच बॉम्ब पडले. त्या काळी रंगूनमध्ये निम्म्याहून अधिक वस्ती भारतातून गेलेल्यांची होती. गोदीतले हमाल, कारकून, दुकानदार, सगळी आपली माणसं. त्यातली हजारो माणसं मग डोंगर तुडवत पायी भारताकडे निघाली.

अशा वेळी भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, तौंगूला पोचली. पहिली म्हणजे खरोखरच पहिली. 1 एप्रिल 1933 ला कराचीच्या ड्रिग रोडवर चार जुन्या वापिटी विमानांनिशी ती उभी राहिली होती. आता तिच्याकडे लायसँडर विमानं होती आणि ही विमानं मुंबईची होती. मुंबईकरांच्या युद्धनिधीतून ती या स्क्वॉड्रनला मिळाली. 1941 मध्ये पेशावरला समारंभ झाला, मुंबईचे गव्हर्नर रॉजर लम्ली यांनी ती सुपूर्द केली.

वर्गणीचा विषय निघालाच आहे, तर मनातलं बोलून टाकतो. हल्ली गणपतीची वर्गणी मोबाइलवर जाते. सोयीचं आहे, मान्य. पण दारात उभं राहून पावती फाडली जायची, पाण्याचा तांब्या पुढे यायचा, कोणाच्या घरी कोण आजारी आहे ते कळायचं, ते गेलं. मला ते गेल्याचं फार वाईट वाटतं. असो. विमानाकडे वळू या.

लायसँडर हे लढाऊ विमान नव्हतं. लष्कराला मदत करायची, वरून टेहळणी करायची, चिठ्ठी उचलायची, लहानशा मैदानात उतरायचं, अशा कामांसाठी ते बनवलेलं. डोक्यावर लांब पंख, आत न मिटणारी चाकं आणि चाकांवर मोठाली आवरणं, जणू पायात बूट घातलेत. आत दोघं, पुढे वैमानिक आणि मागे तोफची. वेग जेमतेम ताशी 340 किलोमीटर. जपानी लढाऊ विमान पाठीशी लागलं तर पळून सुटका नाही.

स्क्वॉड्रनचे प्रमुख होते करुण कृष्ण मजुमदार. देह भरदार, म्हणून सगळे त्यांना ‘जंबो’ म्हणत. जन्म कलकत्त्याचा, 1913 चा. त्यांच्या आईचे वडील म्हणजे व्योमेशचंद्र बॅनर्जी, काँग्रेसचे पहिले अध्यक्ष. 1885 चं ते पहिलं अधिवेशन आपल्या मुंबईतच भरलं होतं, गोवालिया टँकजवळ. आजोबा काँग्रेसचे अध्यक्ष आणि नातू ब्रिटिशांच्या गणवेशात. यावर कोणी नाक मुरडलं की मला राग येतो. परदेशी अंमलाखालीही आपल्या माणसांनी विमान चालवायला शिकावं, स्क्वॉड्रन सांभाळायला शिकावं, ही काही लहान गोष्ट नव्हती. भारतीय माणसाला हे जमेल का, अशी शंका घेणारे गोरे अधिकारी तेव्हा कमी नव्हते.

तर, स्क्वॉड्रन तौंगूला उतरली. मजुमदारांनी पहिलं काम कोणतं केलं? विमानं रांगेत उभी करू दिली नाहीत. धावपट्टीपासून लांब, झाडाझुडपांत, एकमेकांपासून अंतर ठेवून ती लपवली. माणसं प्रवासानं दमलेली होती, तरीही आधी विमानं पांगवली, मग विश्रांती. आणि लगेचच जपानी बाँबर आले, धावपट्टी झोडपून गेले. आपली लायसँडर विमानं वाचली. पांगवून ठेवली होती, म्हणून वाचली. हे मुद्दाम दोनदा सांगतोय, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

आता याला उत्तर द्यायचं. जपानी विमानं सयाममधून, म्हणजे आजच्या थायलंडमधून येत होती. सरहद्दीपलीकडे माए हाँग सॉनला त्यांचा तळ होता. तौंगूपासून सरळ रेषेत सुमारे शंभर मैल. मुंबईहून मोटारीने नाशिक गाठावं, साधारण तेवढं अंतर. पण मध्ये कारेन लोकांचे डोंगर, साल्वीन नदीची खोल दरी आणि सगळीकडे जंगल. बिघाड झाला तर उतरायला जागा नाही.

मजुमदारांनी ठरवलं, पहिल्यांदा आपण जायचं. एकच लायसँडर. त्याच्या चाकांपाशी दोन आखूड पंख असत, त्यांना एकेक बॉम्ब टांगला. प्रत्येक 250 पौंडांचा, म्हणजे एका बाजूला क्विंटलभराहून जास्त ओझं. टेहळणीच्या विमानाला एवढं वजन लादून डोंगर ओलांडायचे होते. सोबतीला दोन बफेलो लढाऊ विमानं निघाली. बफेलोसुद्धा बुटकी, जपान्यांपुढे कमीच पडणारी. पण सोबत ती सोबत.

मजुमदारांनी विमान खाली ठेवलं, अगदी झाडांच्या शेंड्यांना लागून. का खाली? वरून बघणाऱ्याला रानाच्या हिरव्या रंगात विमान चटकन दिसत नाही, आणि खालच्या तोफेला नेम धरायला पुरेसा वेळ मिळत नाही. पण चुकलात तर डोंगराला धडक. एक विमान, दोन बॉम्ब आणि खाली सलग जंगल.

तळ समोर आला. हँगर, म्हणजे विमानं ठेवायची मोठी शेड, दिसला. मजुमदार थेट त्याच्यावर गेले आणि बॉम्ब सोडले. हँगरवर पडले. मग तसंच झाडांलगत वळून डोंगर ओलांडून परत. तौंगूला सुखरूप उतरले. जपान्यांवर या स्क्वॉड्रनचा हा पहिला वार.

आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी सगळी स्क्वॉड्रन निघाली. काल एक विमान गेलं होतं, आज मुंबईची सगळी लायसँडर. बॉम्ब तसेच, उंची तशीच, तळ तोच. प्रमुख आधी एकटा जाऊन आला होता, रस्ता पाहून आला होता. त्यानंतर मागच्यांना भीती वाटली असेल, पण शंका उरली नसेल, असं मला वाटतं.

बॉम्ब टांगणारे हात मात्र आपण विसरतो. या स्क्वॉड्रनमध्ये हरजिंदर सिंग होते. इंजिनिअरिंग शिकलेला हा माणूस साधा ‘हवाई सिपाही’ म्हणून भरती झाला होता, आणि पुढे एअर व्हाइस मार्शल झाला. ब्रह्मदेशात सुटे भाग मिळेनात, तेव्हा विमानं उडती ठेवली ती अशा मेकॅनिकांनी. पदकं वैमानिकांना मिळाली. मेकॅनिकांची नावं कोणी मोठ्यानं घेत नाही, म्हणून आज रेडिओवरून एक तरी घेतलं.

8 मार्चला रंगून पडलं. त्याच महिन्यात स्क्वॉड्रन भारतात परतली. मजुमदारांना डीएफसी, म्हणजे ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हा वैमानिकांचा शौर्यसन्मान, मिळाला. 1944 मध्ये ते युरोपात गेले, नॉर्मंडीच्या लढाईत शत्रूच्या डोक्यावरून फोटो काढत फिरले, आणि डीएफसी दुसऱ्यांदा मिळाला.

17 फेब्रुवारी 1945. लाहोरचं वॉल्टन विमानतळ. समोर शत्रू नव्हता, लढाई नव्हती. हवाई कसरतींसाठी हरिकेन विमान घेऊन मजुमदार वर गेले, आणि ते विमान कोसळलं. वय 31. तौंगूच्या त्या उड्डाणाला तेव्हा तीनच वर्षं झाली होती.

नमस्कार.